४१७ अजून आत आहे

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी एवढंच सांगतो की माझ्या मावसबहिणीच्या डाव्या हाताला आता दोनच बोटं आहेत. अंगठा आणि करंगळी.

मधली तीन कुठे गेली, ते सांगायला बसलोय.

भुतं रात्री बारानंतरच बाहेर पडतात अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी ती इथेच सोडून द्यावी. मंगळवार होता. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. पत्र्यावर लख्ख ऊन होतं आणि खाली शेडमध्ये शंभर माणसं कामाला होती.

ताई रद्दी कागदाच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळते. जुने पुठ्ठे, खोकी, वर्तमानपत्रं ट्रकने येतात. बेलर नावाचं मशीन ते सगळं चेपून त्याचे चौकोनी गठ्ठे करतं, तारेने बांधतं, आणि ते गठ्ठे पुढे नवा कागद करायला जातात. बेलर म्हणजे एका खोलीएवढा लोखंडी खोका. वरून माल पडतो. मागची लोखंडी भिंत पुढे सरकते आणि आत असेल ते दाबते. खोक्याच्या तोंडाशी जाड पातं आहे, ते बाहेर लोंबणारा माल छाटतं. एकदा मालातून चुकून सायकल आत गेली होती. बाहेर आली तेव्हा ती वहीएवढी जाड होती.

ताईची खोली वरच्या मजल्यावर. मोठी काच आहे, काचेतून खाली बेलर दिसतो. भावोजी, म्हणजे ताईचा नवरा, त्याच कारखान्यात फिटर. बेलरचं पातं बदलायचं तर तेच आत उतरतात. त्यांचं लग्नही तिथेच जमलं. तिचा पंखा कुरकुरतो म्हणून ते तेल घालायला गेले आणि पंखा चांगला झाल्यावरही जातच राहिले.

आता थोडी शाळा घेतो. कंटाळू नका, पुढचं सगळं याच्यावरच आहे.

बेलरमध्ये कुणीही उतरलं तर दाराशी कार्ड दाखवायचं. बाहेर आलं की पुन्हा दाखवायचं. हा हिशोब ठेवणारा जो प्रोग्राम होता, त्याचं नाव 'दारवान'. तो बनवणारा माणूस केव्हाच नोकरी सोडून गेला, नाव तेवढं राहिलं. कुणी कार्ड दाखवून आत गेलं की दारवान त्या माणसासाठी एक छोटा प्रोग्राम सुरू करायचा. कॉम्प्युटरवाले त्याला पोर म्हणतात. हसू नका, खरंच तसं म्हणतात.

माणूस बाहेर आला की ते पोर संपतं. पण संपलं म्हणजे गेलं असं नाही. ते आपला शेवटचा निरोप हातात धरून यादीत उभं राहतं. 'मी संपलो. असा असा संपलो.' दारवानाने तो निरोप घेतला की मग त्याची जागा रिकामी होते.

निरोप घेतलाच नाही, तर मेलेलं पोर तिथेच उभं राहतं.

त्याला झोंबी म्हणतात.

आणि झोंबीला मारता येत नाही. मेलेल्याला काय मारणार? त्याला घालवायचा उपाय एकच. निरोप घ्यायला जो चुकला, त्यालाच मारायचं.

तर मंगळवारी अकरा वीसला ताईचा फोन वाजला. खालून सुपरवायझर बोलत होता. या माणसाचा आवाज असा की फोन नसता तरी चाललं असतं. सगळे त्याला मागून 'तोफखाना' म्हणायचे.

"मॅडम, दाराशी कार्ड घेत नाहीये. काय झोपा काढताय का वर?"

ताईने यादी उघडली.

बत्तीस हजार ओळी.

प्रत्येक ओळीपुढे एकच खूण. संपलेला. संपलेला. संपलेला. दोन वर्षांत बेलरमधून जो जो आत-बाहेर झाला, त्या प्रत्येकाचं मेलेलं पोर तिथे उभं होतं. यादीत नवीन माणसाला पाय ठेवायला जागा उरली नव्हती.

दुसरं कुणी असतं तर शोधत बसलं असतं. ताईला शोधायची गरज पडली नाही. चूक कुणाची, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

चूक तिची होती.

दोन वर्षांपूर्वीचा एक गुरुवार. दुपारी दोनचा सुमार. तेव्हा दारवानामध्ये एक ओळ होती. सगळे बाहेर येऊन त्यांचे निरोप मिळेपर्यंत थांब, मगच मशीन चालू कर. त्या दुपारी असाच तोफखान्याचा फोन आला होता.

"मॅडम, कॉम्प्युटर म्हणतोय आत माणूस आहे. कुणी नाहीये. उगाच अडकलाय. चालू करा."

"नीट बघितलंत ना, साहेब?"

"मी काय आंधळा आहे? या डोळ्यांनी बघितलं. बाहेर ट्रक खोळंबलेत. करता की मालकांना फोन लावू?"

ताईने काचेतून खाली पाहिलं. बेलरचं तोंड काळोखं दिसत होतं, त्यापलीकडे काही नाही. खाली जाऊन यायला तीन मिनिटं लागली असती. ती गेली नाही. तिने ती 'थांब' म्हणणारी ओळ काढून टाकली. तरी एक नोंद हटेना, म्हणून ती हाताने किल केली, म्हणजे जबरदस्तीने संपवली. जखम मांडीला, मलम शेंडीला. संध्याकाळी ओळ परत घालू, असं ठरवलं आणि संध्याकाळी विसरली.

त्याच संध्याकाळी एक कामगार हजेरीला सापडला नाही. सगळे त्याला 'शिट्टी' म्हणायचे. समोरच्या दोन दातांत फट होती, त्यातून तो दिवसभर शीळ घालायचा. एक लांब सूर, मग एक तोकडा. ताईला वर खोलीत ती ऐकू यायची. शुक्रवारपासून बंद झाली.

पळाला म्हणे. तोफखाना म्हणाला, कंपनीने लिहून घेतलं, विषय मिटला.

त्याची बायको मात्र अकरा दिवस फाटकाशी येऊन उभी राहत होती. कडेवर मूल होतं. आत कुणी सोडलं नाही आणि बाहेर जाऊन कुणी बोललं नाही. ताईला काचेतून ती दिसायची. आणि ताईने काय केलं? पडदा ओढला. हे तिने मला स्वतः सांगितलंय. सांगताना मान वर केली नाही.

मंगळवारी मात्र ती मनाशी म्हणाली, पुरे झालं. ओळ आज परत घालायची.

भावोजी तेव्हा बेलरच्या आत होते. पातं बदलायचं काम चाललं होतं. मेन स्विचला त्यांनी स्वतःचं कुलूप लावलं होतं आणि किल्ली खिशात होती. फिटरचा तो नियमच आहे. साध्या कामगारांना कुलपं मिळत नव्हती. त्यांनी फक्त कार्ड दाखवायचं.

ताईने ओळ परत घातली. दारवानाला किल केलं.

बत्तीस हजार ओळी एका क्षणात नाहीशा झाल्या. तिने सुस्कारा सोडला. नवा दारवान सुरू केला.

यादीत एक ओळ उरली होती.

नंबर ४१७. संपलेला.

तिला वाटलं डोळ्यांना भास होतोय. दारवान मेला की त्याची सगळी मेलेली पोरं निघून जातात, असा नियमच आहे. आणि हा नवा दारवान तर दहा सेकंदांपूर्वी जन्मला होता. त्याला ४१७ माहीतच असायला नको होता. पण ओळीत स्पष्ट होतं, ४१७ याच नव्या दारवानाचं पोर.

तिने नोंद उघडली.

आत गेला, गुरुवार, दोन वाजून दोन मिनिटं.

बाहेर आला… रिकामं.

संपला, दोन वाजून अकरा मिनिटं. सक्तीने किल केलेला.

खाली किल करणाऱ्याची खूण होती. ताईची.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. शिट्टीच्या कार्डाचा नंबर ४१७ होता. तो बाहेर आलाच नव्हता.

दारवान नवा असला की आत असलेल्या माणसाने पुन्हा कार्ड दाखवायचं असतं. तिने भावोजींना फोन लावला.

"अरे, आहेस ना आत? दाराशी येऊन कार्ड दाखव एकदा."

"आलो आलो. दोनच बोल्ट राहिलेत. काय गं, आवाज असा का येतोय तुझा?"

फोनमधून कार्ड दाखवल्याचा टिक् आवाज आला आणि स्क्रीनवर लिहून आलं.

आत: दोन.

"तुझ्याबरोबर कोण आहे?"

"कोण असणार? मी एकटाच आहे. कागदाचा वास आणि मी."

आणि त्यांच्या आवाजाच्या मागून… अगदी जवळून… एक लांब सूर आला. मग एक तोकडा.

"शीळ कोण घालतंय?" ताई किंचाळली.

"शीळ? कुठे?"

"बाहेर ये. आत्ताच्या आत्ता बाहेर ये. माझी शपथ आहे तुला!"

फोन टाकून ती जिन्याने धावत सुटली. दोन वर्षांपूर्वी जी तीन मिनिटं वाचवली होती, ती त्या दिवशी तिने एका मिनिटात कापली.

खाली पोचली तेव्हा भावोजी बाहेर येऊन, कार्ड दाखवून कुलूप काढत होते. धडधाकट होते. ताईला रडू फुटलं. त्यांना काही समजेना, ते तिच्या पाठीवर ग्रीसचा हात फिरवत राहिले.

तोफखाना पॅनेलपाशी उभा होता. भावोजींनी कुलूप काढल्याबरोबर त्याने हिरवं बटण दाबलं.

मशीन चालू झालं नाही.

हिरवा दिवा लुकलुकायला लागला. त्याचा अर्थ ताईला माहीत होता. दारवान थांबलाय. शेवटचा माणूस बाहेर आला की मशीन आपण होऊन चालू होईल.

पॅनेलवरच्या छोट्या स्क्रीनवर होतं, आत: एक.

"हे काय नवीन?" तोफखाना गरजला. "तुमचा नवरा तर हा समोर उभा आहे. आत कोण आहे मग?"

"चारशे सतरा," ताई म्हणाली.

त्या माणसाचा आवाज शेडमध्ये पहिल्यांदाच बंद पडला.

गठ्ठ्यांना तार बांधणारा एक म्हातारा कामगार बाजूलाच होता. तारवाला म्हणायचे त्याला. त्याने हातातली तार खाली ठेवली.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "त्या गुरुवारी एक गठ्ठा लाल निघाला होता. मी विचारलं, तर तुम्ही म्हणालात रंगाचा डबा फुटला. तारा मी बांधल्या त्याच्या. माझे हात भरले होते. दोन वर्षं तुम्हाला विचारीन म्हणतोय… रंग गरम असतो का हो?"

तोफखान्याने तिथे पडलेली पहार उचलली आणि तारवाल्याच्या तोंडावर हाणली.

काठी मोडल्यासारखा आवाज आला. म्हातारा ओरडलासुद्धा नाही. गुडघ्यांवर बसला आणि दाणे सांडावेत तसे त्याचे दात ओंजळीत पडले.

भावोजी धावले. पहार दुसऱ्यांदा फिरली ती त्यांच्या कानाच्या वर बसली. ते आडवे झाले. रक्ताने त्यांचा अर्धा चेहरा झाकला गेला. शेडमधली शंभर माणसं जागच्या जागी थिजली. नोकरीची भीती म्हणा, पहारेची म्हणा. मला त्यांचा राग येतो. पण मी तिथे असतो तर काय केलं असतं, हेही मला माहीत आहे.

तोफखान्याने ताईचे केस मुठीत धरले आणि तिचं कपाळ पॅनेलवर आपटलं.

एकदा.

"काढ यादीतली ती ओळ. चारशे सतराची."

दोनदा.

"ए बाई! काढ ती ओळ!"

तिच्या डोळ्यांत रक्त उतरलं होतं. ती म्हणाली, "तो आत असताना तुम्हाला माहीत होतं?"

"अडकलेला पुठ्ठा काढायला गेला होता. किती वेळ लावायचा माणसाने? मी तीनदा हाक मारली. बाहेर आला नाही. वरून साला शीळ घालत बसला होता!" तो थुंकला. "घाबरवायचं होतं नुसतं. मशीन एकदा हललं की उडी मारून येईल म्हटलं."

शंभर माणसांनी हे ऐकलं. नंतर पोलिसांपुढे त्यातली निम्मी माणसं म्हणाली की ऐकलं नाही.

आणि त्याच वेळी…

बेलरच्या आतून एक लांब सूर आला.

मग एक तोकडा.

ताईने ऐकला. बाकी कुणी ऐकला नाही, भावोजींनी नाही, तारवाल्यानेही नाही. पण तोफखान्याने ऐकला. त्याची मूठ सुटली. तो वळून त्या काळ्या तोंडाकडे बघायला लागला. मान घामाने निथळत होती.

"गप्प बस," तो आत बघून म्हणाला.

पुन्हा शीळ आली. या वेळी जरा निवांत. कामाला लागलेला माणूस घालतो तशी.

"गप्प बस म्हणतो ना!"

पहार घेऊन तो आत चढला.

कार्ड दाखवलं नाही. कधीच दाखवायचा नाही. कार्ड म्हणजे कामगारांसाठी, साहेबाने कशाला दाखवायचं? सतरा वर्षांच्या नोकरीत त्याच्या नावाची एकही नोंद दारवानापाशी नव्हती.

आतून पहारेचे घाव ऐकू यायला लागले. लोखंडावर लोखंड. धाण… धाण… आणि शिव्या. तो कुणालातरी मारत होता. जिवाच्या आकांताने मारत होता.

मग शीळ थांबली.

ताई सांगते, पुढचं सगळं फार सावकाश झालं. बेलरच्या दारातून गार हवा आली. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला, कुजकट, नाकात बसणारा. तिच्या खांद्याला काहीतरी घासून गेलं. थंड होतं, चपटं होतं. इतकं चपटं की माणसाचं वाटलं नाही.

आणि दाराशी कार्ड वाचणारं यंत्र वाजलं.

टिक्.

स्क्रीनवर आकडा बदलला.

आत: शून्य.

हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला. स्थिर झाला.

तोफखान्याने स्वतःच्या बोटाने दिलेला हुकूम मशीनपाशी राखून ठेवलेला होता. शेवटचा माणूस बाहेर आला होता. दारवानाच्या लेखी आत कुणी नव्हतं.

लोखंडी भिंत सरकायला लागली.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. ताई म्हणते, शून्य दिसल्याबरोबर मी ओरडले, 'साहेब, बाहेर या.' भावोजी तिथेच हातापायांवर ओणवे पडलेले होते, शुद्धीवर होते. मी त्यांना एकट्याला गाठून विचारलं. त्यांनी कानावरची जखमेची खूण चाचपली. मग म्हणाले, "मला तरी काही ऐकू आलं नाही."

आतून तोफखान्याचा आवाज आला, तो मात्र सगळ्यांनी ऐकला. आधी शिवी आली. मग नुसता ओरडा. मग त्याचा हात दारातून बाहेर आला आणि त्याने ताईचं मनगट पकडलं.

ती त्याला ओढत होती की तो तिला ओढत होता, हे तिला अजून सांगता येत नाही. त्याचा चेहरा दिसत होता. भिंत त्याच्या कमरेपर्यंत आली होती. त्याच्या तोंडातून आवाजाऐवजी रक्त आलं, गुळणी टाकल्यासारखं, तिच्या अंगभर. हाडं मोडताना जो आवाज झाला तो तिने मला एकदाच सांगायचा प्रयत्न केला आणि उठून ओकायला गेली.

पकड सुटली नाही. भिंत पुढे आली. पातं खाली आलं.

भावोजी सरपटत पॅनेलपाशी पोचले आणि लाल बटणावर मूठ मारली. मशीन थांबलं. पण पातं आपलं काम करून बसलं होतं. ताईची तीन बोटं आत गेली होती. तोफखान्याचा हात कोपरापासून बाहेर होता. तिच्या मनगटाला अजून घट्ट धरलेला. डॉक्टरांनी दवाखान्यात तो सोडवला.

पोलीस आले. ताईने सगळं सांगितलं, काढलेली ओळ, तो फोन, ओढलेला पडदा, काही लपवलं नाही. तारवाल्याने तोंडाला बोळा धरून त्यांना मागच्या भिंतीपाशी नेलं. तिथे प्लास्टिकखाली एक जुना गठ्ठा होता. वर तोफखान्याच्या अक्षरात लिहिलेलं, 'ओला माल, हलवू नये'.

तारा कापल्या. आतल्या पुठ्ठ्यांच्या थरांमधून शिट्टी बाहेर आला. पट्टा होता, बूट होते, बाकीचं काय होतं ते मी लिहीत नाही. पुठ्ठ्याला चिकटून पुठ्ठाच झाला होता.

त्याचं कार्ड मात्र गठ्ठ्यात सापडलं नाही.

ते बेलरच्या दाराशी, कार्ड वाचणाऱ्या यंत्राखाली पडलेलं होतं. वाकलेलं, तपकिरी डागांनी भरलेलं. नोंद पुरावा म्हणून जपून ठेवलीय. कुणालाही बघता येईल.

४१७. बाहेर आला, मंगळवार, अकरा वाजून बावन्न मिनिटं.

दवाखान्यातून सुटल्यावर ताई पहिल्यांदा शिट्टीच्या घरी गेली. मी बरोबर होतो. एक खोली, दारात पाण्याचं पिंप, कडेवरचं मूल आता चालायला लागलेलं. ताईने उभ्यानेच सगळं सांगितलं. मी काय केलं, कधी केलं. तो कसा गेला.

बाई शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग तिने ताईच्या अशी सणसणीत कानाखाली दिली की ताई पिंपावर जाऊन आदळली. मी पुढे झालो तर ताईने मला हाताने अडवलं.

"दोन वर्षं," बाई म्हणाली. "लोक म्हणायचे दुसरी केली असेल. मीसुद्धा तसंच म्हणायला लागले होते. पोराला सांगितलं मी, तुझा बाप हलकट आहे म्हणून."

ती खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "त्या मंगळवारी दुपारी आला होता. गल्लीच्या तोंडापासून शीळ घालत आला. मी दार उघडलं तर कुणी नाही. उंबऱ्यावर ओल्या पुठ्ठ्याचा तुकडा पडलेला. मला तेव्हाच कळलं. मी म्हटलं, बरं, कळलं मला. जा आता."

त्यानंतर ती शीळ कुणालाही ऐकू आली नाही. ताईलाही नाही.

इथे संपलं असतं तर मी हे लिहिलं नसतं.

ताईची केस चालू आहे. कामावर ती जात नाही. भावोजी जातात. पोट चुकलंय का कुणाला? बेलरही चालू आहे. आता कामगारांना कुलपं मिळतात. भावोजी पातं बदलायला उतरतात तेव्हा ताई घरून त्यांना फोन करते. एकच प्रश्न विचारते, मग ठेवते.

मागच्या महिन्यात मी तिच्याकडे गेलो होतो. सकाळचे अकरा वाजले असतील. तिने फोन स्पीकरवर टाकला आणि टेबलावर ठेवला, कारण डाव्या हाताने तिला आता धरवत नाही.

"आत कोण आहे?"

"मीच आहे गं. एकटाच. रोज काय तेच विचारतेस?"

भावोजी हसत काहीतरी सांगायला लागले. संध्याकाळी भाजी आणू का, असंच काहीतरी.

आणि त्यांच्या बोलण्यामागून… लोखंडी खोक्यात घुमावा तसा… एक जाडाभरडा आवाज आला.

"ए बाई… काढ ती ओळ…"

भावोजी बोलतच होते. त्यांच्या गावीही नव्हतं.

ताईने फोन ठेवला. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती म्हणाली, "शिट्टीला निदान नंबर होता रे. नोंद होती, निरोप घेता आला. हा कार्ड न दाखवता आत गेला. याला बाहेर कसा काढायचा? कुणाच्या यादीत शोधायचा?"

मी टेबलावरचा फोन उलटा करून ठेवला.

"तुला ऐकू आलं ना?" तिने विचारलं. "मला वेड नाही ना लागलेलं? फक्त हो म्हण."

मी नाही म्हणालो.

का म्हणालो, माहीत नाही. दोन बोटांच्या त्या हाताने तिने डोळे पुसले आणि चहा ठेवायला उठली. दुसऱ्या दिवशी बरोबर अकराला माझा फोन वाजला. नंबर आलेला नव्हता. पलीकडे कुणी बोललं नाही, फक्त लोखंडावर पहार आपटावी तसा आवाज येत होता. तेव्हापासून अकरा वाजायच्या आत मी फोन बंद करून कपाटात ठेवतो.

ताई, तू हे वाचत असशील तर… आलं होतं गं. मला ऐकू आलं होतं.